छाट

दोन पॉइंट शहात्तर ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल
भागिले एकशे अडतीस.
शून्य पॉइंट शून्य दोन मोल, असं मी लिहिते
आणि घाम बरोबर त्या शून्यावर पडतो.
सोलापूरचा एप्रिल,
तराजूला वारा लागू नये म्हणून पंखे बंद.

हत्तुरे मॅडम म्हणतात, आधी कमी काय पडणार ते शोधा.
अनहायड्राइड भरपूर घातलंय, त्याचं कौतुक नको.
जे आधी संपतं, हिशेब त्याचा.

हे मला माहीत होतं, मॅडम.
आमच्या घरी आधी पान संपतं.
हजार विड्यांना कारखाना देतो सातशे ग्रॅम,
त्यात भोकाचं, करपलेलं, जाड शिरांचं.
अम्मा पत्र्याचं माप फिरवत फिरवत
एका पानात दोन तुकडे बसवते, तिसरा जमतोय का बघते,
तरी आठशे चाळीसला ओलं पोतं रिकामं.
सुपात तंबाखू तसाच.
मग विडी घरकुलच्या कोपऱ्यावर
नरसूबाईकडून पान विकत, पदरच्या पैशानं.
हजार म्हणजे हजार.

शून्य पॉइंट शून्य दोन गुणिले एकशे ऐंशी.
तीन पॉइंट साठ.
एवढं ॲस्पिरिन निघायला हवं
कागदावर,
जिथं काही सांडत नाही.

तहेसीननं फ्लास्क बर्फात धरला.
काचेच्या कांडीनं आतून खरवडलं
तेव्हा कुठं पांढऱ्या सुया उगवल्या.
थोड्या गाळणकागदाला चिकटल्या,
थोड्या पाण्याबरोबर गेल्या,
थोड्या तहेसीनच्या बाहीवर.

दोन पॉइंट चौतीस. पासष्ट टक्के.
मी वही अर्धीच उघडून पुढं केली.
मॅडम म्हणाल्या, पहिल्या वेळेला छान आहे.
उरलेलं कुठं गेलं, तेवढं दोन ओळींत लिहा.

उरलेलं कुठं गेलं.
कारखान्यात असं कुणी विचारत नाही.
चेकर कट्टा उचलतो, बोटांनी दाबतो,
मूठभर बाजूला फेकतो. छाट.
मजुरी कापतो, आणि छाटही ठेवून घेतो.

रात्री अम्माच्या कार्डाच्या पाठीवर
पेन्सिलीनं लिहिलं:
उत्पादन चौऱ्याऐंशी टक्के.
घट: भोकं, शिरा, करपणं.
अम्माला वाचता येत नाही, मराठी नाही, तेलुगूही नाही.
वाचून दाखवलं तर म्हणाली,
चौऱ्याऐंशी म्हणजे पास का गं?
डिस्टिंक्शन, अम्मा.
ती हसली,
आणि नरसूबाईचं पान पाण्यात बुडवलं.