सोफ्याला शोभेल असा

ग्रासाने माप दिलं होतं: दीड मीटर रुंद,
निळा, सोफ्याला शोभेल असा.
एवारिश्तूने स्वतः आणून टांगला समुद्र
एव्होरातल्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथून खिडकीबाहेर नुसती पिवळी शेतं.
"हात लावू नका," तो म्हणाला,
"वरून सुकलाय, आतून ओला आहे अजून.
सहा महिने तरी."

देओलिंदा खुर्चीतून बघत राहिली.
चाळीस वर्षं तिने पेनिशच्या कारखान्यात
सार्डिनची डोकी उडवली.
समुद्राकडे पाहायला सवड कुठली,
तो यायचा तोच मुळी टोपल्यांतून.
कान मात्र वाऱ्याकडे.
उत्तरेचा सुटला की होड्या नाहीत,
होड्या नाहीत तर रोजही नाही.

ही लाट खोटी आहे.
वाळू घालून लिंपलेली, बोटभर जाड,
पण फुटतेय भलत्याच अंगाला.

मंगळवारी लेक कामावर गेली
तशी ती स्टुलावर चढली, गुडघे कुरकुरले,
आणि लोण्याच्या सुरीने
लाटेची मान वळवली.
एका झटक्यात. हात विसरला नव्हता.

ग्रासाला काही कळलं नाही.
सोफा निळा, समुद्र निळा.

पुढच्या आठवड्यात उरलेले पैसे न्यायला
एवारिश्तू आला. कॉफी निवेपर्यंत
चित्रापुढे उभा.
"वारा फिरलेला दिसतोय."
"फिरला," देओलिंदा म्हणाली,
आणि त्याच सुरीने
त्याच्या पावाला लोणी लावू लागली.