पाचातून दोन

जुलैचा दुसरा आठवडा, चोपडा.
पत्र्याखालची खोली नंबर सात,
तीन पंखे, त्यातला एक
फक्त वीज आहे एवढंच कळवतो.

फळ्यावर लिहिलं होतं : एक छेद दोन अधिक एक छेद तीन.
अडतीस मुलं, बीएस्सीचं पहिलं वर्ष.
भिंतीवरच्या वेळापत्रकात महिनाअखेर कॅलक्युलस,
आणि एकवीस जणांचं उत्तर
दोन छेद पाच.

विभागप्रमुख पेपर चाळतात, चष्मा कपाळावर ढकलतात :
"हे दहावी सुटले कसे?"
मी गप्प.
मी तासिका तत्त्वावर, आणि पूर्वतयारीच्या या पंधरा दिवसांना
बिलात रकानाच नाही.

लाल पेन घरी ठेवून गेले.
विचारलं, हा पाच आणला कुठून?
सगळे बाकांवर कोरलेली नावं वाचू लागले.
शेवटी नसीबा तडवी उठली, अडावदची,
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत :
"मॅडम, एका चाचणीत दोनातून एक बरोबर,
दुसरीत तीनातून एक.
मिळून पाचातून दोनच ना?
शाळेत मार्क असेच मिळवायचे."

बारा वर्षं शिकवतेय.
या चुकीला शंभरदा फुली मारली,
एकदाही तिच्या घरी गेले नव्हते.

खडू हातात तसाच.
मागून कुणीतरी हळूच : "मॅडमलेबी उमजनं नही."
वर्ग हसला. मीही.

मग जामसिंग पावरा.
वैजापूरच्या वरचा पाडा, सुट्टीत केळीच्या गाड्या भरतो.
पेपरात नुसतं उत्तर, पाच छेद सहा, रीत नाही.
कॉपी समजून शून्य देणार होते,
दिलंच होतं, मग खोडलं.
"रीत म्हणजे..." तो खालीच बघत होता,
"गाडी एक. अर्धी आमच्या टोळीनं भरली,
तिसरा हिस्सा दुसऱ्या टोळीनं.
मनात गाडीचे सहा भाग धरायचे.
आमचे तीन, त्यांचे दोन,
एक रिकामा. तिथं ताडपत्री टाकतात."
सहाच का?
"सहाचं अर्धंही निघतं, तिसरा हिस्साही निघतो.
पाच धरले तर भांडण होतं."

नसीबा अजून उभीच होती.
"म्हणजे गाडी एकच पाहिजे," ती म्हणाली,
"माझ्या चाचण्या दोन होत्या."
आणि बसली.

लसावि हा शब्द मी त्या दिवशी काढलाच नाही.
दुसऱ्या दिवशी सांगितला, तर जामसिंग :
"नाव आहे होय त्याला?"

आश्रमशाळेतला क्ष इथे येऊन एक्स झाला,
गुणाकाराच्या फुलीत मिसळून जातो.
तेजल नेहते अजून वहीत क्षच काढते, गाठ मारल्यासारखा.
रात्री भाकरी उलटताना सुचलं,
क्ष ला ण जोडला की क्षण,
आणि अवकलन म्हणजे तरी काय,
घाटात बस याच क्षणी किती चढतेय,
मागच्या वळणाचं नाही, पुढच्याचं नाही.
भाकरी करपली.
हे वर्गात सांगायचं नव्हतं, सांगून टाकलं.
कुणी लिहून घेतलं नाही, बरं झालं.

पंधराव्या दिवशी अडतीसचे एकतीस.
दोघं आयटीआयला गेले, एकीचं ठरलं,
चौघांचं माहीत नाही.
इथे क्ष लिहायचा मोह होतो,
लिहीत नाही.

सोमवारपासून दुसरे सर, जाड इंग्रजी पुस्तक,
पहिल्याच पानावर लिमिट.
फळा पुसताना जामसिंग दारात रेंगाळला :
"मॅडम, शून्यानं भागलं तर?
गाडी एक अन् टोळ्याच नाहीत.
कुणाच्या वाट्याला किती, असं विचारायचं तरी कुणाला?"

खडूची धूळ दोघांच्या मध्ये.
म्हटलं, सोमवारी हेच विचार.
पहिल्या बाकावर बसून विचार.