खोल बाजूची जाळी

दांडिया बाजारातून सायकलनं सात मिनिटं.
फाटकावर पाटी गुजरातीत: स्नानागार.
आम्ही घरात त्याला टाकं म्हणायचो, का कोण जाणे.
खोल बाजूला, बारा फुटांखाली,
एक काळी चौकोनी जाळी.

आतेभाऊ रणजित सांगायचा,
ती थेट विश्वामित्रीत उघडते.
रात्री मगर वर येते, एक फेरी मारते,
पहिली बॅच यायच्या आत परत जाते.
मी आठ उन्हाळे उथळ बाजूला पोहले.

आता चव्वेचाळीस.
पहाटेची बायकांची बॅच, गुडघ्यासाठी.
जाळी तिथंच.

एका सोमवारी पंप बंद होता.
पाणी इतकं निवलं होतं
की जाळीच्या पट्ट्या मोजता आल्या. अकरा.
मी दाजी फाळक्यांना विचारलं,
"इथलं पाणी जातं कुठं हो?"
"जातंय कुठं? फिरून इथंच येतंय."

पंपघर चार पायऱ्या खाली.
क्लोरिनचा वास, वाळूची लोखंडी टाकी,
खिळ्याला गेल्या वर्षाचं कॅलेंडर.
दाजींनी बादलीत बोट बुडवलं
आणि भिंतीवर तळ काढला,
तळात दोन चौकोन.
"दोन?"
"दोनच. दुसरी शिडीच्या सावलीत असते, तुम्हाला दिसत नसंल.
एकीवर कुणाची पाठ टेकली, केस गेले,
तर दुसरी ओढून घेती. जोर वाटला जातो.
आधी एकच होती."

यानंतर काही बोलले नाहीत.
पंपाच्या बटणाकडे बघत राहिले.
लाल बटण, अंगठ्याच्या जागी रंग गेलेला.

मग पुन्हा बोट ओलं करून नळ्या काढल्या.
पानं, मुंग्या, तुमचं खोबरेल
काठावरच्या खिडक्या घेतात. जड ते जाळीकडं.
हा वॉल्व्ह दोघांत वाटणी करतो.
नुसतं वरून घेतलं तर तळ शिळा होतो.
पंपाआधी टोपली, पंपानंतर वाळू,
वाळूतून निघून भिंतीतल्या भोकांनी परत आत.
ते भोकांपर्यंत पोचले
तोवर पहिला चौकोन वाळून गेला होता.

टोपली उपडी केली त्यांनी माझ्यापुढे:
केसांच्या पिना, रबर, बोटाची पट्टी,
बाहुलीचा एक बूट,
तीन टिकल्या, त्यातली एक बहुधा माझीच.
"मगर?" मी विचारलं.
हसले नाहीत.
"टोपलीची भोकं बारीक आहेत. आली असती तर अडकली असती."

मग जरा थांबून,
"पण उलटंही होतं.
भादव्यात नदी फुगली की जमिनीतलं पाणी चढतं.
तेव्हा कुणी शहाण्यानं हे रिकामं केलं
तर जमीन खालून रेटा देती.
अख्खं टाकं उचललं जाईल, फरशीसकट, होडीगत.
म्हणून जाळीच्या आत एक झडप आहे, एवढीशी.
वरचं पाणी हलकं पडलं की ती उघडती
आणि बाहेरचं आत येऊ देती."

म्हणजे रणजित अगदीच खोटं बोलत नव्हता.
नदी येते.
झडपेच्या फटीतून, वाटी वाटी,
आणि येते ती टाकं वाचवायला.
हे त्याला सांगायला हवं होतं.
त्याचा नंबर बदललाय.

दुसऱ्या दिवशी मी खोल बाजूला गेले.
जाळीला हात लावायचा नाही, दाजींनी बजावलं होतं.
लावला नाही.
फक्त वर पालथी तरंगत राहिले,
खाली अकरा पट्ट्या, थोड्या थरथरणाऱ्या,
आणि शिडीच्या सावलीत, नीट पाहिलं तर,
दुसऱ्या अकरा.
छत्तीस वर्षं मी एकीलाच भीत होते.

परतताना भिंतीतल्या एका भोकातून
पोटावर पाणी लागलं, मऊ, ढकलणारं.
काल कुणीतरी ढवळलेलं असेल.
दाजी म्हणाले होते, एका फेरीला सहा तास.
मी पाऊण तास होते.
नयनाबेननी शिट्टी मारली,
मी टॉवेल घेऊन बाहेर आले,
माझं पाणी अजून वाळूत होतं.