उत्तरेकडची बाजू

गॅरेजमागं ऊन येत नाही.
मेपल ते वरच्या वरच वाटून घेतो.
खाली उरते ओल, शेवाळ,
आणि अकराच्या सुमाराला येऊन
पाच मिनिटांत उठून जाणारा
ताटलीएवढा कवडसा.

तेवीस वर्षं मी तिथं गवत पेरलं.
तेवीस वर्षं चिमण्यांनी बी खाल्लं.
मग काउंटीच्या रोपविक्रीत
ओल्या कागदात गुंडाळलेली एक काडी घेतली,
चार डॉलरला.
“स्पाइसबुश,” विकणारी म्हणाली, “इथलंच आहे,
आपण सगळे यायच्या आधीपासूनचं.”
काडी यावर काही बोलली नाही.

तिसऱ्या वर्षी फुललं.
पानांच्या आधी, नाल्याकडेला बर्फ असताना,
उघड्या फांद्यांवर मोहरीएवढी फुलं.
लांबून वाटावं,
कुणी हळदीचा हात झटकून गेलंय.

उन्हाळ्यात एक अळी
पान दुमडून आत झोपायची,
पाठीवर दोन खोटे डोळे रंगवून.
पिट्सबर्गला एकतीस वर्षं रात्रपाळी केली मी.
असे डोळे लावून
मीही झोपलेय, खुर्चीत, कितीदा.

फळ मात्र धरेना.
“यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी,” विकणारी म्हणाली,
“तुमचं कोण?”
भिंग लावून पाहिलं. पराग नाही.
म्हणजे मादी. म्हणजे एकटी.
असू दे, म्हटलं तिला,
इथं कोण कुणाची वाट बघतंय.

या सप्टेंबरात
कचऱ्याचा डबा ओढता ओढता थांबले.
पानांच्या बेचक्यात लाल, चकचकीत
सात फळं.
दोनदा मोजली.

मग हिशेब सुरू:
एवढीशी माशी उडून उडून किती उडेल?
कुंपणापर्यंत. कुंपणापलीकडं झिग्मंड वोझनी,
ज्याच्याशी लीफ-ब्लोअरवरून
मी सहा वर्षं बोललेले नाही.
टाचा उंचावून पाहिलं.
त्याच्या शेडमागं तीच पानं, तोच बांधा,
आणि बुंध्याशी वाकलेला, करवत घेऊन,
तो स्वतः.

“सुनेनं लावलंय,” तो म्हणाला.
(सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.)
“ना फळ, ना काही. नुसती जागा अडवतं.”
“थांब,” मी म्हटलं, “दाखवते.”
आणि गुडघे विसरून मागं पळाले.

फांदीवर एक थ्रश बसला होता,
ठिपक्यांची छाती फुगवून,
दक्षिणेला निघालेला, वाटेत जेवायला टेकलेला.
सातवं फळ त्याच्या चोचीत.
त्यानं माझ्याकडं पाहिलं
आणि गिळलं.

रिकामा देठ घेऊन परत आले.
झिग्मंडनं तो उजेडात धरून बघितला.
मग उगीच एक पान चुरगाळलं, हुंगलं,
बराच वेळ.
“आमच्याकडं नाताळला आई…” म्हणाला,
आणि पुढचं राहून गेलं.

करवत अजून शेडला टेकलेली आहे.
पावसात भिजते.
मी काही आठवण करून देत नाही.