शुद्धिपत्र

आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकात, अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या,
प्राचार्यांचं मनोगत अडीच पानं,
मग एनसीसीची पोरं, उन्हात डोळे बारीक करून,
मग ‘हुंडा : एक सामाजिक समस्या’,
लिहिणारी मंदाकिनी थेटे, जिचं त्याच महिन्यात ठरलं
आणि काय काय ठरलं ते तिनं निबंधात घेतलं नाही,
मग वणीच्या गडाची सहल,
आणि पान चौतीस, चिवड्याच्या जाहिरातीच्या डोक्यावर,
मी. आठ ओळी.

मी लिहिलं होतं :
तू गेल्यापासून मनात काहूर आहे.

त्या वर्षी सगळ्यांच्याच मनात काहूर होतं.
हॉस्टेलच्या बारा नंबरात तर तिघींच्या.
आणि माझं गेलेलं असं कोणी नव्हतंच,
गेली होती फक्त सटाण्याची साडेपाचची एसटी,
तीसुद्धा दुसऱ्या दिवशी परत आली.

छापून आलं :
तू गेल्यापासून मनात कापूर आहे.

रात्रभर रडले. एका अक्षरासाठी
इतकं रडता येतं हे तेव्हा कळलं.
आणि प्रकाशनाच्या दिवशी सौंदाणकर सरांनी
चष्मा कपाळावर ढकलून नेमकी तीच ओळ वाचली,
दोनदा.
“कापूर! जळतो, आणि मागे राखही ठेवत नाही.
एफवायच्या मुलीला हे सुचतं!”
टाळ्या. पाकिटात एक्कावन्न रुपये,
वरचा रुपया चिकटवलेला.
मी मान खाली घातली.
लोकांना तो विनय वाटला.

शनिवारी रविवार कारंज्यावर गेले,
मागच्या बोळात, जिथे छापखान्याला पाटी नव्हती,
शाईचा वास धरून आत जायचं.
कॉम्प्युटरवर निवृत्ती लोणारी,
माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा,
एका हातानं टाइप, दुसऱ्यात चहा.
मी वही पुढे केली.
हा ह आहे, म्हटलं. प नाही.

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
“काहूर म्हणजे?”

सांगायला गेले आणि सांगता येईना.
म्हणजे दाटून येतं. आत. काहीतरी.
तीन वर्षं मी तो शब्द कवितेत घालत होते
आणि तो मला कधी भेटलाच नव्हता.

“असं होय,” तो म्हणाला.
“आमचं रामकुंडावर दुकान. पूजेचं सामान.
वडील गेले तसं बंद आहे, माल घरात आणून टाकलाय.
अंथरुणाला कापूर, भाकरीला कापूर,
शर्ट घातला तरी कापूर.
मला वाटलं तुमच्याकडचंही कोणी गेलं.”

एक्कावन्न रुपये पर्समध्ये होते.
काढले नाहीत. आजही सांगते, काढले नाहीत.
उलट त्यानंच निघताना एक वडी दिली
प्रुफाच्या कागदात गुंडाळून.
“चार मिरे घाला सोबत. नाहीतर उडून जाईल.”

आता त्याच कॉलेजात मी संपादक मंडळावर.
मुलं फोनवरून कविता पाठवतात,
तिथून त्या जशाच्या तशा पानावर जाऊन बसतात.
कोणी पुन्हा टाइप करत नाही.
मध्ये कोणाच्या घरातला वास लागत नाही.

परवा कपाट आवरताना पान चौतीस उघडलं.
कागद होता, घडी तशीच.
आत मिरे, चारही,
आणि त्यांनी माझ्या आठ ओळींवर पाडलेले
बारीक खड्डे.

काल रात्री पेठच्या एका मुलाची कविता आली.
गावित आडनाव, सायन्सला आहे, हजेरी कमी.
दुसऱ्याच ओळीत : मनात काहूर.
मी लाल केलं नाही.
विचारलं, काहूर म्हणजे?

तो टाइप करतोय.
तीन ठिपके हलतात, थांबतात,
पुन्हा हलतात.