रद्दीचा भाव

माझ्या काट्यावर शहर वाचता येतं.
धंतोलीचे पेपर घडी न मोडताच येतात,
इतवारीचे तेलकट, कडेला पेन्सिलनं उधारीचे आकडे.
सक्करदऱ्याच्या वनमाला मेश्राम बाईंच्या गठ्ठ्याला
खिडक्या असतात:
पटलेलं त्या कापून ठेवतात
आणि उरलेलं जग मला विकतात
बारा रुपये किलोनं.

पोळ्याच्या महिनाभर आधी
देवाजी पौनीकर पोती घेऊन यायचा.
बांबूचा सांगाडा, मैद्याची खळ,
आणि दीड क्विंटल छापील मजकूर.
मग उभा राहायचा बडग्या:
कधी वीजबिलाचा, कधी कांद्याचा,
एका साली नुसत्या तुंबलेल्या नाल्याचा,
पोटात अग्रलेख, मांड्यांत छोट्या जाहिराती.

कुणाला जाळायचं, हे तर्री-पोह्याच्या गाडीवर ठरायचं.
पेपर एक, माणसं नऊ.
पान चार पोहोचेपर्यंत त्यावर रस्सा सांडलेला,
आणि भांडण तर रोजचंच,
पण भांडणाऱ्याचं तोंड समोर दिसायचं.
खोटं तेव्हाही छापून यायचं, बाप्पा.
मी स्वतः टनावारी विकलंय.
फक्त ते सकाळी सहाच्या आधी
घरात शिरत नव्हतं.

यंदा पोती अर्धी भरली नाहीत.
देवाजी म्हणाला, "लोक वाचत नाहीत काय बे?"
म्हटलं, वाचतात. दिवसभर वाचतात.
पण मोबाईलची रद्दी निघत नाही.

त्याच रात्री पोरं आली.
"काका, यंदा लांजेवारचा करायचा. दूधवाल्याचा."
एक्केचाळीस सेकंद.
गमछानं तोंड बांधलेला माणूस
कॅनमध्ये पांढरी भुकटी ओततोय.
देवाजीनं मोबाईल मोतीबिंदूच्या डोळ्याजवळ नेला.
"पुन्हा लाव."
सातव्यांदा म्हणाला,
"मागं दुकानाची पाटी आहे. वाच."
कुणालाच वाचता येईना.
आपली अक्षरंच नव्हती ती.
"मग काय झालं, काका? सगळ्यांनी पाहून रायलेत."

त्या "सगळ्यांनी"ला
माझ्याकडं माप नाही.
लांजेवारच्या दुकानी त्या आठवड्यात
नेमानं आली ती फक्त मांजरं.

मेश्राम बाई एका दुपारी चालत आल्या,
पर्समधून कात्रण काढलं.
पान सात, टायरच्या जाहिरातीखाली, तीन ओळी:
चित्रफीत परराज्यातली, तीन वर्षं जुनी.
"हे कुणी वाचलं असेल?"
मी म्हटलं, तुम्ही.
त्या हसल्या नाहीत.

देवाजीनं ते कात्रण ठेवून घेतलं.
कागद कमी, म्हणून पार्सलची खोकी फाडली,
आणि मारबतीच्या दिवशी
गल्लीतून बाहेर पडला
दहा फुटी अंगठा.
नख गुळगुळीत, पेरावर त्या तीन ओळी चिकटवलेल्या.
पूर्वी निरक्षराला अंगठेबहाद्दर म्हणत.

लोक खूप हसले. गुलाल उधळला.
"घेऊन जा गे मारबत!"
आणि हजार हात वर गेले,
हजार अंगठ्यांनी
त्या अंगठ्याचं चित्रण केलं.
राखेपर्यंत.

संध्याकाळी माझ्याच मोबाईलवर आला तो,
भाच्याकडून, भाच्याला हिंगण्याहून, हिंगण्याला कुठून कुणास ठाऊक.
खाली लिहिलेलं:
महालात भेसळखोर लांजेवारचा बडग्या जाळला.
जनता जागी झाली.

मी देवाजीला दाखवला नाही.
त्याचे हात अजून खळीनं चिकट होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे किटली घेऊन
लांजेवारकडं गेलो.
मी, ज्यानं कात्रण पाहिलं,
ज्यानं अंगठ्याला पुठ्ठा पुरवला.
त्यानं अर्धा लिटर मापलं,
वर थोडं जास्तच घातलं.
मी पैसे दिले.
कोपऱ्यावर वळलो,
मागं कुणी बघत नाही याची खात्री केली
आणि झाकण उघडून
वास घेतला.