तुलनात्मक तक्ता

नदी परिवहन खात्यात अकरा वर्षं
मी हेच करत आले:
तीन कोटेशनं मागवायची, रेघा मारायच्या,
सगळ्यात कमी दराला गोल,
शेवटच्या रकान्यात शेरा.
फेरीबोटीचा दोर असो, डिझेल असो,
बेतीच्या कचेरीतल्या खुर्च्या असोत.

सहाव्या महिन्यात, एका रविवारी,
चोडणच्या घरी जेवणाचं टेबल पुसून
मी तसाच कागद घेतला.
रोहिदास म्हणाला, "टेंडर काढतेस की काय?"
मी म्हटलं, हो.

पहिलं: पणजीचं नर्सिंग होम.
लिफ्ट आहे, खोलीत फ्रिज, नातेवाइकांना सोफा.
डॉक्टरांनी आधी कॅलेंडर बघितलं, मग माझ्याकडे.
"चवथीच्या आधी उरकून टाकू."
उरकून.
तो शब्द मी दराच्या रकान्यात लिहिला,
आणखी कुठे मावेना.

दुसरं: सासूबाईंची शिफारस.
वयजीण द्रौपदी,
जिनं अर्ध्या चोडणाची नाळ कापली
आणि जिला वारून सोळा वर्षं झाली.
हे मी त्यांना सांगितलं नाही,
त्यांना ठाऊक आहे.
त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की
कुणीतरी रात्रभर बसून राहायला हवं.

तिसरं: एस्पेरांस कुलासो.
ऑस्पिसियोच्या प्रसूतिकक्षात सत्तावीस वर्षं,
आता रायबंदरला उतारावर दोन खोल्या.
घरी बाळंतपण करत नाही.
सोबत येते, बांबोळीला, पहिल्या कळेपासून.
लिफ्ट नाही. पायऱ्या, त्याही शेवाळलेल्या.

मी नऊ प्रश्न लिहून नेले होते.
तिनं एकच विचारला, वजनकाट्याकडे जाता जाता:
"पहिल्या खेपेला काय झालं?"

पहिल्या खेपेला, बाई, काही झालं नाही.
मुलगी झाली. दोन किलो नऊशे.
सगळे म्हणाले, सुटलीस.
फक्त टाके किती पडले
ते डिस्चार्ज कार्डावर वाचून कळलं,
आणि का, ते अजून नाही.
एक हात पोट दाबत होता, जोरानं,
कुणाचा, ते मान वळवून बघू दिलं नाही.
"शांत पडून राहा",
एवढंच बोलणं त्या खोलीत सगळ्यांना येत होतं.

हे मी पाच वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.
विचारलंच नव्हतं कुणी.
तसा रकानाच नव्हता.

एस्पेरांसनं पेनाला टोपण लावलं.
"काही करायच्या आधी तुला सांगणार," म्हणाली,
"घाई असली तरी. सांगायला एक श्वास लागतो."
मग सगळं नीट होईल ना?
"तें म्हाका खबर ना."
आणि बोटांवर मोजून दाखवलं:
रक्तदाब चढला तर,
बाळ फिरलं नाही तर,
पाणी हिरवट दिसलं तर,
"मी बाजूला, डॉक्टर पुढे.
पण तुझ्या उशाची जागा माझी."

परतताना फेरीत उभ्यानं तक्ता पुरा केला.
धक्क्याला फेकलेला दोर ताणला गेला, करकरला.
मीच घेतलेला, सगळ्यात कमी दराचा.
जरा वेळ त्याच्याकडेच बघत राहिले.

तिनं लावलेलं पहिलं काम:
रात्रपाळीला बोट कोण चालवतं, त्याचा नंबर मिळव.
मिळवायचा कुठून, फाईल माझ्याच कपाटात.
आगुस्तीन. दोनदा त्याची रजा मी परत पाठवलेली,
फॉर्म चुकला म्हणून.
नाव सांगताच तो गप्प झाला.
मग कारण सांगितलं.
"कितवा?"
"सातवा लागेल."
पलीकडे इंजिन, साखळीचा खडखडाट.
"कितीही वाजू देत," तो म्हणाला,
"मी त्या काठाला असलो तर बॅटरी दोनदा दाखवा.
रिकामी घेऊन येतो."

शेऱ्याचा रकाना कोराच राहिला.
दुसऱ्या दिवशी रोहिदासनं
काही न बोलता बॅटरीत नवे सेल घातले,
आणि परसात जाऊन
माडावर दोनदा उजेड पाडून पाहिला.